गूळ बघायला आलेला पाहुणा

कोल्हापूरहून परत आल्यापासून भेटणारा प्रत्येक जण मला दोनच प्रश्न विचारतो. अंबाबाईचं दर्शन झालं का, आणि चपला आणल्या का. दोन्ही झालं, असं सांगून मी सुटका करून घेतो. खरं तर मी देवीसाठीही गेलो नव्हतो आणि चपलांसाठीही नाही. मी गेलो होतो एक दार शोधायला.

पुण्यातल्या एका सिनेमा कंपनीत मी नोकरी करतो. कंपनी चित्रीकरणासाठी बाहेर पडण्याआधी एकट्यानं पुढं जायचं, जागा बघायची आणि परत येऊन साहेबांना सांगायचं, हे माझं काम. साहेब म्हणजे आमचे दिग्दर्शक. ते मला 'आमचा स्काउट' म्हणतात. अकोल्याच्या शाळेत मी गळ्यात रुमाल बांधून खरोखरीचा स्काउट होतो. दोरीला गाठी मारणं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची पिशवी उचलणं, एवढाच तेव्हा त्या शब्दाचा अर्थ होता. आई हल्ली माझ्याकडंच असते. तिला अजून तोच अर्थ ठाऊक आहे. मुलगा चाळिशीला टेकला तरी स्काउटातच राहिला, याचं तिला मनापासून वाईट वाटतं.

या खेपेला साहेबांना नदीकडं उघडणारं दार हवं होतं. "दार उघडलं की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की पाणी. मधे काही म्हणजे काही नको," असं त्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं होतं. याआधी मी सुचवलेल्या एका जागी विजेचा खांब आडवा आला आणि दुसऱ्या जागी धुण्याचा घाट निघाला. आता रिकाम्या हातानं आलास तर सुतारखात्यात पाठवीन, असा दम त्यांनी मला निघताना भरला.

मंगळवार पेठ

कोल्हापुरात मी बाबूरावांकडं उतरलो. सिनेमावाल्यांना बैलगाड्या, घोडी आणि फेटे पुरवण्याचा त्यांचा धंदा. आवाज असा की घरात बोलले तरी शेजारचा उत्तर देतो. सकाळी तोंड धुतो न धुतो तोच त्यांनी मला पेठेच्या कोपऱ्यावर नेलं. तिथं म्हशी उभ्या होत्या, आणि माणसं हातात पेले घेऊन म्हशींच्या कासेकडं बघत होती. समोर धार काढायची आणि फेसासकट पेला तोंडाला लावायचा. आमच्या वऱ्हाडात दूध तापवल्याशिवाय कोणी ओठाला लावत नाही. मी जरा मागं सरलो.

"घ्या की पावणं, म्हस काय चावत न्हाय!" बाबूराव ओरडले, आणि सगळा कोपरा माझ्याकडं बघू लागला. मी डोळे मिटून प्यालो. इतकं गोड दूध मी जन्मात प्यालो नव्हतो, हे कबूल करतो.

घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं विचारलं, "भाकरी आत्ता वाढू का मागनं? मी आंघोळ करून येतो." बाईच्या तोंडी 'येतो' ऐकून मी दचकलो. इकडं बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. दोन दिवसांनी माझ्या कानाला त्याची इतकी सवय झाली की पुण्यात आल्यावर शेजारीण 'मी येते' म्हणाली, तर ती फार लाजते आहे असं वाटलं.

निघताना बाबूरावांनी मला एक सल्ला दिला, आणि पुढचं सगळं त्या सल्ल्यानंच घडलं. "खेड्यात जाऊन शिनेमाचं नाव काडू नगा. अर्धा गाव फेटा बांधून फुडं यील आनि ऱ्हायल्याला अर्धा गाव पोरीबाळी घरात कोंडंल. कुनी इचारलं तर म्हनायचं, गूळ बघायला आलोय. गुऱ्हाळाचं दिस हायती, कुनाला नवाल वाटायचं न्हाय."

सल्ला मला पटला. बाबूराव शहरातले, त्यांच्या लेखी गूळ म्हणजे गूळच.

वेदगंगेच्या काठी

मुरगूडला मोटारीतून उतरलो आणि नदी धरून चालत निघालो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं कळेल. दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता. जागोजाग गुऱ्हाळांचा धूर चढत होता आणि वाऱ्याबरोबर उकळत्या रसाचा वास येत होता. आमच्याकडं कापसाच्या दिवसांत शेतं पांढरी दिसतात, पण कापसाला वास नसतो. इथं चालता चालताच भूक लागली.

एका वळणावर मी थबकलो. पलीकडं काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर एका कौलारू घराचं दार होतं. मधे खांब नाही, धुणं नाही, काही म्हणजे काही नाही. आनंदानं मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग पाणी उथळ होतं तिथून नदी ओलांडली आणि घराच्या पुढच्या अंगाला गेलो.

ओसरीवर एक उंच, ताठ गृहस्थ सुतळी वळत बसले होते. बाजूला त्यांची बायको सुपात तांदूळ पाखडत होती.

"या पावणं. कुठनं आलासा?"

"आत्ता मुरगूडहून. गूळ बघायला आलोय," मी म्हणालो.

बाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्यांनी पदर सारखा केला आणि आत पळाल्या. गृहस्थ उठले, आत गेले, आणि परत आले ते अंगात कोट घालून. त्यांना गावात सगळे हवालदार म्हणत. लढाईच्या काळात ते पलटणीत होते आणि आता घरचा ऊस बघत होते.

"आडनाव?"

"देशमुख. मूळचा अकोल्याकडचा."

"लांबचा मानूस धाडलाय म्हना की," ते बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले. "हुशार हायती."

मला काही उलगडा झाला नाही. मुलीनं पाणी आणून दिलं. विशीच्या आतली, सावळी, नजर सरळ. लांब बाह्यांचा झंपर होता. तांब्या तिनं उजव्या हातानंच पुढं केला. "ही शालन. सातवीची फायनल झालीया. वर्तमानपत्र धडाधडा वाचती," हवालदार म्हणाले. गूळ बघायला आलेल्याला हे का सांगायचं, असं मनात आलं, पण बाप लेकीचं कौतुक करतोच.

मी घर बघू लागलो. अंगणात सकाळी ऊन कुठवर येतं? मागच्या दारानं कोणी ये-जा करतं का? पावसाळ्यात नदी किती पायऱ्या गिळते? अंगण पावलांनी मोजलं. भिंतीवर हात फिरवून रंग पाहिला. दोघं नवरा-बायको माझ्या मागून हिंडत होती आणि प्रत्येक प्रश्नाला शाळेतल्या पोरांसारखी उत्तरं देत होती. मधेच हवालदार बायकोला हळू म्हणाले, "असला बारीक बघनारा आजवर आला न्हवता गं." कौतुकानं माझी मान ताठ झाली.

मग परड्यातला कोंबडा कापला गेला. नको म्हणायचा मी प्रयत्न केला. पण वऱ्हाडात पाहुण्याला आग्रह करतात आणि कोल्हापुरात हुकूम करतात, एवढा फरक मला तोवर कळला होता.

स्वयंपाक होईपर्यंत हवालदार लढाईच्या गोष्टी सांगत बसले. इटलीत ते पलटणीचे स्काउट होते. टेकडीमागं काय आहे ते सगळ्यांच्या आधी एकट्यानं जाऊन बघायचं. "लई भ्या वाटायचं. खोटं कशाला बोलू? पर एक सांगतो पावणं," ते माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "फुडं गेलेला मानूस भ्याला तर चालतंय. माघारी यिऊन खोटं बोलला तर न्हाय चालत. त्याच्या जिभंवर मागची समदी मानसं उभी असत्यात. जे बघितलं तेच सांगायचं. जास्त न्हाय आनि कमीबी न्हाय."

मी खाली बघितलं. मी या माणसाच्या घरात गुळाचं नाव सांगून बसलो होतो. जेवण झालं की सगळं खरं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

जेवण मात्र काय वर्णावं. तांबड्या रश्श्याचा पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. हवालदारांना फार समाधान वाटलं. "आता पांढरा घ्या, त्यो उतारा हाय." पांढरा घेतला, उतार पडला, पुन्हा तांबड्याकडं वळलो. ठेच्यावर वाढलेला मी वऱ्हाडी माणूस, पण त्या दिवशी शरण गेलो.

जेवण होताच गुऱ्हाळावरून बोलावणं आलं. रस उकळायची मोठी काहील उतरायची वेळ झाली होती, म्हणून हवालदार तिकडं गेले. ते येईपर्यंत दुपारच्या उन्हात दार कसं दिसतं ते पाहावं, म्हणून मी मागच्या पायऱ्यांवर गेलो. शालन खाली घागर भरत होती. आई दाराशीच भांडी घासत बसली होती, पण पाठमोरी.

शालननं घागर पायरीवर ठेवली. "पावणं, गूळ बघून झाला?"

"अजून नाही."

"ह्याच्या आदी दोन गूळवाले येऊन गेलं. पानी प्यालं, जेवलं, गेलं. पुन्हा निरोप न्हाय. गावात कुनी तरी त्यास्नी सांगितलं." बोलता बोलता तिनं डाव्या हाताची बाही कोपरावर ओढली. मनगटापासून वरपर्यंत कातडी आवळलेली होती, चकाकत होती. "हे बघा. बारकी हुतो, गुऱ्हाळात पाय घसरला, उकळती काकवी सांडली. आई म्हनती झाकून ऱ्हा. लगीन झाल्यावर उघडं पडंल तवा मी काय सांगू? ह्या हातानं मी पानी भरतो, भाकरी थापतो, ऊस सोलतो. कुनाकडनं ऐकन्यापरीस माज्याकडनं बघा. आनि कबनूरला जाऊन बघितलं तसंच सांगा."

कबनूरला? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या भागात सोयरीक जुळवायची असली की मुलाकडचे आधी गुपचूप एक माणूस पाठवतात. तो लग्नाचा शब्द काढत नाही. बैल बघायला आलो, गूळ बघायला आलो, असं काही तरी सांगतो. घरच्यांना सारं कळतं, पण तेही ओळख दाखवत नाहीत. मुलगी पाणी देते, पाहुणा घरदार न्याहाळतो आणि जातो. इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या, यंत्रमाग चालवणाऱ्या एका घरून याच आठवड्यात असा माणूस यायचा होता. ही मंडळी त्याची वाट बघत होती, आणि नेमका मी गूळ बघायला आलो होतो.

"ताई, मी कबनूरचा नाही," मी म्हणालो. "सिनेमा कंपनीचा आहे. मला फक्त तुमचं हे दार बघायचं होतं."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिनं बाही झर्रकन खाली ओढली. जो माणूस तिचं बरंवाईट ठरवणार होता, त्याच्यासमोर तिनं छाती करून हात उघडा केला होता, आणि तो निघाला भलताच. तिनं घागर उचलली आणि आत गेली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मी तसाच गुऱ्हाळावर गेलो. गडीमाणसं काहिलीभोवती गुंतलेली होती. हवालदारांना बाजूला घेऊन, बाबूरावांच्या सल्ल्यासकट, अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं.

"मंजे आमचा कोंबडा फुकट गेला म्हना," हवालदार म्हणाले.

"माझी चूक झाली, हवालदार."

"आनि तुमची कंपनी तुमास्नी काय म्हनती? स्काउट? मगाशी मी कुनाला शिकवत हुतो बघा!" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "एक करा. ते दार इसरा. शिनेमावाले घरात शिरले म्हून कबनूरला कळलं, तर संपलं. आदीच दोन ठिकानं मोडल्यात."

"विसरलो," मी म्हणालो. सुतारखातं डोळ्यांपुढं दिसत होतं, पण शब्द तोंडातून जाऊन चुकला होता. मग मी हाताचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं की काय, असं क्षणभर वाटलं.

"तिनं आपनहून दावला?"

"हो. आणि म्हणाली, बघितलं तसंच सांगा."

हवालदारांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. धूर फार झालाय, असं काहीसं म्हणाले. "आमी दोगं नवरा-बायको झाकत बसलो, आनि पोरगी आमच्याफुडं जाऊन आली की वो."

मुरगूड

परतीच्या मोटारीला अवकाश होता, म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो. समोरच्या बाकावर पांढरं धोतर, काळी टोपी, मांडीवर छत्री असे एक वयस्कर गृहस्थ बशीतला चहा फुंकत होते.

"पावणं, कुठनं आलासा?" त्यांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं.

"तिकडं काय काम काडलंत?"

"गूळ बघायला गेलो होतो," सवयीनं तोंडून गेलं.

त्यांची बशी हातातच राहिली. "हवालदाराच्यात? मंजे तुमचंबी स्थळ हाय व्हय? आमच्या आदी पोचलासा!"

हेच ते कबनूरचे. माझ्याकडं लग्नाचं कोणी नाही, मी निराळ्याच कामाला आलो होतो, गुळाचं मला एकानं शिकवलं होतं, हे त्यांना पटवताना माझा चहा निवून गेला. पटल्यावर मात्र ते बाक सोडून माझ्याशेजारी येऊन बसले. मुलाचे ते मामा होते.

"मंग तुमी तिऱ्हाईत. तुमीच खरं सांगशीला. घर कसं हाय? पोरगी कशी हाय?"

घराचं सांगणं सोपं होतं. माणसं मोकळी, मुलगी शिकलेली, कामाची, बोलायला नीट. इथं थांबलो असतो तर कोणी मला खोटं म्हणालं नसतं. मामाही खूश होऊन मान डोलवत होते. पण तेवढं सांगितलं तर ते कमी होत होतं, आणि पुढचं सांगितलं तर कदाचित तिसरं स्थळ माझ्या जिभेनं मोडणार होतं. मग तिचा तो बाही वर ओढलेला हात आठवला.

"मुलीचा डावा हात भाजलेला आहे," मी म्हणालो. "लहानपणी काकवी सांडली. मनगटापासून कोपरापर्यंत खूण आहे. हात चांगला चालतो. तिनं मला स्वतः दाखवला. मी तुमच्याकडचा आहे असं समजून दाखवला, आणि म्हणाली, बघितलं तसंच सांगा."

मामांनी बशी खाली ठेवली.

"पोरीनं आपनहून?"

"आपणहून."

"आमच्या पोराची दोन बोटं गेल्यात," ते हळूच म्हणाले. "मागाच्या पट्ट्यात. उजव्या हाताची. लई गुनाचा पोरगा, सगळं काम करतोय. पर हे त्यास्नी सांगावं का लगीन हुईस्तवर झाकावं, ह्याच घोरात कालपास्नं हतंच च्या पितोय. पाय उचलंना."

मामा उठले, छत्री काखेत घेतली आणि इचलकरंजीकडं जायच्या मोटारीची चौकशी करू लागले.

"म्हणजे आता त्या घरी जाणार नाही?"

"जातो की. पर एकटा कशाला? पोरालाच घिऊन येतो. त्याचा हात त्यानंच दावावा, तिनं दावला तसा." मग जरा थांबून म्हणाले, "आनि गुळाचं नाव न्हाय काडायचं. लगीन ठरवायला आलोय म्हून सांगायचं."

परत पुण्यात

"मिळालं दार?" साहेबांनी विचारलं.

"मिळालं. पण ते आपल्याला मिळणार नाही."

साहेबांनी जो आरडाओरडा केला तो इथं लिहिण्याजोगा नाही. मी गावाचं नाव सांगितलं नाही. शब्दाला जागून त्यांनी मला सुतारखात्यात पाठवलं. शेवटी दार तिथंच तयार झालं. पायऱ्या फळ्यांच्या केल्या, पाणी हौदात भरलं. मी जवळ उभा राहून सगळं तसंच्या तसं करून घेतलं. साहेबांनी बघितलं आणि मला पुन्हा माझं काम दिलं.

ऊस पुन्हा उभा राहिला तेव्हा बाबूराव पुण्याला आले. आल्या आल्या त्यांनी गोणपाटात गुंडाळलेली गुळाची ढेप जिन्यातूनच आवाज देत वर आणली. "हवालदारानं धाडलीया. म्हनला, पावणा गूळ बघायला आलता, त्यो बघायचाच ऱ्हायला."

"आणि शालन?"

"कबनूरला दिली की! मला बी आवतान हुतं. ही ढेप पोरीनंच उचलून माज्या हातात दिली. आखूड बाह्यांचा झंपर, आनि डाव्या हातात मनगटापास्नं वरपतूर हिरवा चुडा."

ढेप अजून घरात आहे. आई रोज विचारते, फोडू का? मी म्हणतो, थांब जरा, मला ती अजून नीट बघू दे.